सातव्या घरातलं बाळ

बस पोरी. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो. हितं पलंगावर बस. तू म्हणालीस, पुरातत्त्व विभागाच्या म्युझियममधलं ते काचेच्या पेटीतलं बाळ बघून तुला रडू आलं. येतं लोकांना. आता त्याच बाळाची गोष्ट तुला सांगतो, आणि सांगून झाली की तुला रडूबिडू यायचं नाही, किळस येईल. मला तर चोवीस वर्षं येतेय. चहा आधी पिऊन घे, मागनं घशाखाली उतरणार नाही.

तर शनिवार होता, आणि उपासनी सर तळघरात उतरत होते. नाकाला रुमाल, पँट गुडघ्यापर्यंत वर धरलेली. मी पुढं, हातात बॅटरी. विभागप्रमुख होऊन चार वर्षं झाली होती त्यांना, आणि तळघराच्या पायऱ्या ते पहिल्यांदा बघत होते.

"दौलत, हा वास कसला रे?"

"वरच्या संडासाचा पाइप आहे सर. दोन वर्षं गळतोय. तीन अर्ज दिले मी."

"मला नाही आठवत."

"दुसऱ्या अर्जावर तुमचा चहाचा कप होता सर. मीच उचलला."

पाणी घोट्यापर्यंत होतं. पाणी म्हणायचं आपलं.

आता हे तळघर म्हणजे काय, ते तुला सांगायला पाहिजे, तू आलीस तोवर तिथं गाड्या लागायला लागल्या. ते आमचं भांडार होतं. आधीचे प्रमुख खानवेलकर सर, देवमाणूस, त्यांना तेव्हा वारून पाच वर्षं झाली होती. त्यांनी पिंपळढव गावाजवळ पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर सात हंगाम खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं खालनं. मी तिथला मजूर. माझी चौथी झालेली आणि अक्षर बरं, म्हणून त्यांनी मला उचलून इथं आणला. एकेका खापरावर टाकानं काळ्या शाईत नंबर घालायचा. कुठल्या खड्ड्यातलं, कितव्या थरातलं, कुठल्या घरातलं. वरनं नेलपॉलिशचा हात मारायचा, म्हणजे पुसत नाही. हाडांवर लिहायचं नाही, हाडांच्या पिशवीत चिठ्ठी घालायची. सतरा वर्षं हेच केलं मी, रोजंदारीवर. लाखभर नंबर घातले असतील. बायको म्हणायची, तुमच्या बोटांची शाई भाकरीला लागते.

त्या गावातले लोक, तीन हजार वर्षांपूर्वीचे, त्यांचं तान्हं पोर गेलं की त्याला लांब नेत नव्हते. घरातच, जमिनीखाली. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आणि मधे पोर. अशी एकोणीस पोरं निघाली होती. एकोणीस ट्रे होते तळघरात, सगळ्यात खालच्या फळीवर.

मी बॅटरी मारली. फळी कुजून कलंडली होती. ट्रे एकात एक पडलेले. मडक्यांचा चुरा. चिठ्ठ्या उंदरांनी कुरतडून, त्यांचा भुगा करून घरटं केलेलं. वरच्या ट्रेमधे कवटीच्या वाटीत काहीतरी वळवळलं. बघतो तर उंदराची पिल्लं. सहा-सात. गुलाबी, डोळे न उघडलेली. पोराच्या डोक्यात निजलेली.

उपासनी सर जिन्यावर जाऊन ओकले.

तोंड पुसत म्हणाले, "गुरुवारी समिती येतेय."

बाहेरनं तपासायला समिती यायची होती. तिनं चांगला शेरा दिला तर विभागाला मोठी श्रेणी, नवी इमारत, उपासनी सरांना कुठं दिल्लीबिल्लीत खुर्ची. मला म्हणाले, चल वर. वर त्यांच्या खोलीत गेलो. टेबलावर एक नक्षीदार खापर होतं, काळ्या रेघांनी हरणं काढलेली. त्यात ते सिगारेट विझवायचे. त्याच्या पोटावर माझ्या हातचा नंबर होता. रोज बघायचो मी तो.

"सगळं ते ट्रॉलीत भर," ते म्हणाले. "मागं मुलींच्या वसतिगृहाचा पाया खणलाय. भराव पाहिजेच आहे त्यांना. तळघर चुन्यानं पांढरं करून घे."

"सर, त्यातली हाडं..."

"चिठ्ठी नसलेलं हाड म्हणजे कचरा, दौलत. शास्त्राला त्याचा उपयोग शून्य."

"चिठ्ठ्या गेल्या सर. पण मला येतात वळखू. मीच भरलीत ना. आठ दिवस द्या, मी..."

"गुरुवार म्हणालो मी." मग ते खुर्चीत मागं रेलले आणि गोड आवाज काढला. "एक बाळ मात्र पाहिजे. छान, पूर्ण. खानवेलकरांच्या पुस्तकात फोटो आहे बघ, सातव्या घरातलं. तसंच काचेच्या पेटीत मांड. समितीला तेच दाखवायचंय."

"सातव्या घरातल्याचं तर काही धड राहिलं नाही सर. फळीखाली चेंगरलं."

"अरे मग दुसऱ्याचं घे! हात याचा, डोकं त्याचं. सगळी सारखीच." त्यांनी खण उघडला आणि एक कागद काढून टेबलावर ठेवला. मला कायम करायचा कागद. आठ महिने पडला होता, फक्त एका सहीसाठी. "गुरुवारी समिती गेली की ह्याच्यावर सही करतो. तुझी पोरं किती?"

"तीन."

"बघ बाबा."

आता तू म्हणशील, मामा, तुम्ही नाही म्हणायला पाहिजे होतं. होय. सतरा वर्षं रोजंदारी कर आणि मग म्हण.

ट्रॉली मीच भरली. रविवार आणि सोमवार. घमेल्यानं. पहिली दहा-बारा घमेली बघून बघून भरली, मग बघायचं सोडलं. जे हाताला बरं लागलं ते बादलीत टाकत गेलो. मंगळवारी वरच्या खोलीत सतरंजीवर बसून मी बाळ जुळवलं. कवटी बाराव्या घरातल्या पोराची, फुटकी बाजू प्लॅस्टरनं भरली. हात आणि फासळ्या तिसऱ्या घरातल्या, ते तर जन्मल्या जन्मल्या गेलेलं, हाताचं हाड माझ्या करंगळीएवढं. पाय नवव्या घरातले. जबडा एकच अख्खा मिळाला, तो चौथ्या घरातल्याचा. मडकीपण दोन वेगळ्या जोड्यांतली, वाळूच्या घमेल्यात उभी करून चिकटवली.

उपासनी सर वडापाव खात बघायला आले. चटणी सांडली, ती त्यांनी फासळीवरनं बोटानं पुसली आणि बोट चाटलं. मी बघितलं ते.

"सर, एक सांगू? हा जबडा दोन वर्षांच्या पोराचा आहे. दाढा आल्यात. आणि हात जन्मलेल्याचा. कुणाच्या लक्षात आलं तर?"

"समितीत एक पदार्थविज्ञानवाले, एक वाणिज्यवाले आणि एक इंग्रजीच्या बाई. कोण दाढा मोजतंय?" खरंच हसू आलं त्यांना. "झकास झालंय. आता एक चिठ्ठी लिही, तुझ्या त्या अक्षरात. सातवं घर, खड्डा पाच, थर तीन."

लिहिली. चिठ्ठी लिहिताना हात कापला नाही माझा, हे तुला खरं सांगतो. शाई सुकेपर्यंत फुंकर पण मारली.

ह्यात एवढंच असतं तर निभावलं असतं. पण उपासनी सरांना बुधवारी संध्याकाळी नवीन सुचलं. समितीला लोकसहभाग आवडतो म्हणे. खोदकामावरची कुणी गावची बाई आणून उभी करा पेटीशेजारी, फोटो काढू, साडी-नारळ देऊ. "ज्या बाईला हे बाळ सापडलं तीच आण," म्हणाले. "पुस्तकात तिचा पण फोटो आहे."

मी म्हणालो, "ती वारली असेल सर."

"जीप घेऊन जा आणि बघून ये."

गुरुवारी पहाटे निघालो. वारली नव्हती. यसूआक्का अंगणात तूर पाखडत बसली होती. साठीची झालेली, पण सूप अजून असं उडवत होती की एक दाणा बाहेर नाही. मला बघून ओरडली, "आरं दौलत्या! मेल्या, पोट सुटलं की तुझं! शेहरात काय खातोस, खापरं का?"

मी सांगितलं, आक्का, असं असं आहे, तुला न्यायला आलोय. सूप खाली ठेवलं तिनं.

"त्ये पोर ठिवलंय आजून?"

"ठेवलंय. काचेच्या पेटीत."

"खानवेलकर सायब बोलल्यालं मला. यसूबाय, जपून ठिवू, कवाबी ये, दावू म्हनून." उठली, आत जाऊन लुगडं बदलून आली. वाटेत जीपमधे ती बोलतच होती. माझं लक्ष लागत नव्हतं, पण एक ऐकलं आणि मी कान टवकारले.

"तुला सांगते, माझी कुदळ लागली आन् मडकं फुटलं. म्या म्हनलं, आता सायब शिव्या घालतोय. त्यो बिचारा गुडघ्यावं बसला आन् बुरुशीनं माती काढाय लागला. आन् जबडा दिसला. म्या वाकून बघितलं. म्हनलं, सायब, सातव्या म्हैन्यातलं हाय ह्ये."

"कशावरनं म्हणालीस आक्का?"

"आरं, दात! खालचं दोन दात, नुसतं टोकं वर आल्याली. तांदळाच्या कनीवानी. सायबानं पुस्तक काढलं, फूटपट्टी लावली, तासभर काय काय बघितलं आन् मग टोपी काढून मला म्हनला, यसूबाय, तुम्ही डाक्टर." हसून हसून तिला ठसका लागला. "पाच पोरं वाढवलीत म्हनलं सायब, दोन पुरलीत. एवढं कळनार न्हाई व्हय?"

मी ड्रायव्हरला म्हणालो, जरा थांबव, लघवीला जायचंय. उतरलो आणि बाभळीमागं नुसता उभा राहिलो. तिला म्हणावं का, आक्का तब्येत बरी नाही, परत फिरू? कागद डोळ्यासमोर होता. परत येऊन बसलो.

समिती बारा वाजता आली. खोलीत अगरबत्ती लावली होती, तळघराचा वास वर येत होता म्हणून. पेटीवर पिवळा दिवा सोडलेला. उपासनी सर कोटात. त्यांनी बाळाबद्दल हिंदीतनं असं काही सांगितलं, असं सांगितलं, की तीन हजार वर्षांपूर्वीची ती आई माझ्यासमोर उभी राहिली. इंग्रजीच्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. पदार्थविज्ञानवाले म्हणाले, वा, किती जपलंय तुम्ही.

"आणि ह्या यशोदाबाई," उपासनी सर म्हणाले. "ह्यांच्या हाताला हे बाळ लागलं. या, या बाई, पुढं या."

यसूआक्का पुढं गेली. चप्पल बाहेर काढून आली होती. पेटीपाशी वाकली. काचेला नाक लागेल एवढी. फोटोवाला म्हणाला, आजी, इकडं बघा. तिनं बघितलं नाही.

मी दाराशी उभा होतो. तिची मान आधी कवटीकडं गेली, मग हाताकडं, मग परत जबड्याकडं. तिथंच थांबली. ओठ हलत होते तिचे. मोजत होती.

मग ती सरळ झाली. "सायब, ह्ये त्ये न्हवं."

"काय म्हणतात त्या?" अध्यक्षांनी, म्हणजे पदार्थविज्ञानवाल्यांनी, विचारलं.

"भावनावश झाल्यात," उपासनी सर म्हणाले. मग तिच्याकडं वळून हळू, पण दात आवळून, "बाई, हेच आहे. वीस वर्षं झाली, तुमच्या लक्षात नाही राहिलं."

"म्या पाच पोरांचं दात बघितल्यात सायब. ह्याला दाढा हायती. आन् हात बघा की, हात पाचव्या दिसाच्या पोराचा. कुनाचं काय आन् कुनाचं काय लावलंय ह्ये?"

वाणिज्यवाले मराठी होते, त्यांना कळत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. उपासनी सरांच्या कपाळावर घाम दिसला मला. मग ते माझ्याकडं वळले. हसत.

"आमचे दौलतराव आहेत ना. त्या खोदकामावर होते, सतरा वर्षं हे सगळं सांभाळतायत. दौलतराव, तुम्ही सांगा. हेच ना ते?"

दौलतराव. सतरा वर्षांत पहिल्यांदा राव लागला मला.

यसूआक्का माझ्याकडं बघत होती. तिला खात्री होती गं, मी काय सांगणार ह्याची. ती पेटीपासनं थोडी सरकली पण, मला पुढं यायला जागा करून दिली.

मी म्हणालो, "हेच आहे आक्का."

ती माझ्याकडं बघतच राहिली. राग नव्हता तोंडावर. घरी आलेल्या जावयानं ताटात थुंकावं आणि सासूनं बघावं, तशी बघत होती. मग पेटीकडं वळली आणि म्हणाली, "बरं. मग वाढलं म्हनायचं तुमच्या कपाटात. दाढा आल्या त्याला. आता येक-दोन सालांनी साळंत घाला."

वाणिज्यवाल्यांना हसू फुटलं. त्यांनी बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं, ते पण हसले. अध्यक्ष म्हणाले, गावची माणसं काय गमतीदार असतात. उपासनी सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग काय सांगू तुला, मी पण हसलो. आवाज काढून हसलो. अजून तो आवाज कानात आला की जेवण पुढं सरकवतो मी.

साडी-नारळ तिनं घेतला नाही. फोटोवाल्याच्या खुर्चीवर ठेवला आणि चप्पल घालून जीपमधे जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर ती मागं, मी पुढं. दोन तासांची वाट. फाट्यावर उतरली. माझ्या खिडकीपाशी आली.

"दौलत्या, सायबाचं म्या समजू शकते. त्याचं नखबी कधी मातीत गेलं न्हाई. तू का बोलला न्हाईस?"

"आक्का, कायम करणार आहेत मला."

"व्हय?" ती म्हणाली. "मग र्‍हा कायम." आणि खाकरून रस्त्याच्या कडेला थुंकली. माझ्यावर नाही. माझ्यावर थुंकली असती तर बरं झालं असतं. चार पावलं जाऊन परत वळली. "त्ये पोर कुटं टाकलं तेवढं सांग. मला कुनाला सांगायचं न्हाई. नुसतं ठावं असावं."

ड्रायव्हर उपासनी सरांचा माणूस. मी म्हणालो, "पेटीत आहे आक्का."

परत कधी गेलो नाही मी त्या गावाला. ती गेली चार-पाच वर्षांत, असं कळलं. उपासनी सर दिल्लीला गेले. माझ्या कागदावर सही त्यांनी केली, शब्दाचे पक्के. तू आत्ता पिलीस तो चहा त्या सहीचा. हे घर त्या सहीचं. धाकट्याचं इंजिनिअरिंग त्याच सहीचं. रोज अंघोळीला बसलो की हात धुतो आणि बोटं हुंगतो. बायको म्हणते, काय सवय आहे तुम्हाला. तळघराचा वास येतो गं. साबणाला जात नाही.

सेवानिवृत्तीच्या दिवशी मी पेटी उघडायला गेलो होतो. किल्ली नव्या प्रमुखांकडं. ते म्हणाले, दौलतराव, तुमच्या हातची आठवण आहे ती, आम्ही तिला हात लावणार नाही. पुस्तकांत त्या बाळाचे फोटो छापून आलेत आता. कुणीतरी परदेशी बाईनं त्याच्यावर लेख लिहिलाय म्हणे, त्या काळच्या पोरांची वाढ कशी हळू व्हायची. हात लहान, दात मोठे. ऐकलं तेव्हा ओकलो मी, खरंच.

तुला का सांगतोय? बाकी सगळे आले ते सत्कार करायला आले. तू चौकशी करायला आलीस. आणि तू म्हणालीस, पेटीची किल्ली आता तुझ्याकडं असते.

वही काढ. मी सांगतो ते लिही. माझं वय एकाहत्तर, माझ्याशिवाय हे कुणाला येत नाही, आणि मला कधीपर्यंत येईल सांगता येत नाही. कवटी बारावं घर, खड्डा आठ. हात आणि फासळ्या तिसरं घर, खड्डा दोन. पाय नववं, खड्डा पाच. जबडा चौथं, खड्डा दोन. लिहिलंस? परत वाच बरं.

बरोबर. आता उद्या पेटी उघड. ती चार पोरं एकमेकांपासनं सोडव. चार पिशव्या कर, चार चिठ्ठ्या लिही. प्लॅस्टर लावलेलं आहे तिथं पाण्यानं भिजव, ओढू नकोस, तुटेल. आणि पाचवी एक चिठ्ठी कर. तिला पिशवी लागायची नाही. तिच्यावर लिही, सातवं घर, खड्डा पाच, थर तीन, सात महिन्यांचं. यसूबाईला सापडलं, दौलत खैरेनं घमेल्यानं मुलींच्या वसतिगृहाच्या पायाच्या भरावात टाकलं. माझं नाव आडनावासकट घाल. एवढं कर माझं, पोरी.